शलमोनाने मागितलेले ऐकणारे हृदय

देवाकडे ज्ञान मागण्याचा विषय निघाला की पहिले नाव येते बायबलमधील इस्राएलचा राजा शलमोन याचे. गिबोन येथे परमेश्वर स्वप्नात म्हणाला, 'माग.' या तरुण राजाने दीर्घायुष्य, धन, शत्रूंचे प्राण यांपैकी काहीच मागितले नाही. लोकांचा न्याय करताना बरेवाईट ओळखता यावे म्हणून त्याने जे मागितले, त्याला मूळ हिब्रू शब्द आहेत 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारे हृदय. हिब्रूत हृदय हे विचारांचेही ठिकाण आहे, आणि ऐकण्यात ऐकल्याप्रमाणे वागणेही येते.

या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजासाठी नियम आहे: नियमशास्त्राची, म्हणजे मोशेने दिलेल्या नियमांची, नक्कल स्वतःसाठी करावी आणि ती जन्मभर वाचावी, घोडे, स्त्रिया आणि सोनेरुपे यांचा फार साठा करू नये. शलमोनाने नेमके हे तिन्ही जमवले, आणि म्हातारपणी त्याचे मन अन्य दैवतांकडे वळले. देवाने दिलेले ज्ञान खरेच होते, पण ऐकणे थांबले होते. 'आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको' हे बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातले वचन शलमोनाच्या नावाने चालत आलेल्या संग्रहात आहे. ते वाचताना हा शेवट आठवल्यावाचून राहत नाही.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे एज्रा शास्त्र्याने नियमशास्त्र वाचले, तेव्हा लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतील लोक, अर्थ समजावून सांगत होते. नुसते कानावर पडणे पुरेसे नव्हते. ११९व्या स्तोत्रात हीच ओढ दिसते. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांना प्रत्येकी ८ अशी १७६ वचने, जवळजवळ सगळी देवाच्या वचनाविषयी, आणि त्यांत वारंवार एकच विनवणी: मला समज दे. शास्त्र हातात असलेला माणूसच हे मागतो आहे.

नव्या करारात याकोब लिहितो की ज्याला ज्ञानाची उणीव आहे त्याने देवाजवळ मागावे, विश्वासाने मागावे. हे वाक्य संकटांविषयीच्या वचनांना लागून येते, म्हणजे ही मागणी अडचणीत सापडलेल्यांची आहे. बिरुया शहरातल्या लोकांनी तर प्रेषित पौलाचा उपदेशही रोज शास्त्राशी ताडून पाहिला, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली.

तरी वचन तोंडपाठ असणे म्हणजे विवेक नव्हे. येशूची परीक्षा घेताना सैतानानेही त्याच्यापुढे स्तोत्रातलेच वचन म्हटले होते, आणि येशूने उत्तर दिले तेही शास्त्रातूनच. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या ख्रिस्ती संन्याशाने इजिप्तच्या वाळवंटातल्या वडीलधाऱ्या संन्याशांची शिकवण लिहून ठेवली, तिच्यात विवेकाला सर्व सद्गुणांची जननी म्हटले आहे. त्यात ५० वर्षे कठोर तप केलेल्या एका साधूची हकिकत येते. स्वतःच्याच मतावर चालून तो फसला आणि देवदूत समजून सैतानाचे ऐकत त्याने विहिरीत उडी घेतली. म्हणून आपले विचार वडिलांपुढे उघडे करावेत, अशी तिथली रीत होती.

१५२१ साली जर्मनीतल्या वर्म्स शहरातील सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली असल्याचे सांगितले. त्याच वर्षी स्पेनमधील पाम्प्लोना येथे लढाईत जखमी झालेला इग्नेशियस लोयोला, जो पुढे जेझुइट संघाचा संस्थापक झाला, अंथरुणावर ख्रिस्तचरित्र वाचता वाचता आपल्या विचारांची पारख करायला शिकला. पुढे १५३९ मध्ये ल्यूथरने ११९व्या स्तोत्रावरून शास्त्राभ्यासाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: प्रार्थना, मनन, परीक्षा. हे स्तोत्र तो दावीद राजाचे मानत असे; मोशेचे ग्रंथ ठाऊक असूनही दावीद 'मला शिकव' म्हणत राहिला, याकडे त्याने मुद्दाम बोट दाखवले. म्हणून पहिली पायरी प्रार्थनेची: आपल्या खोलीत जाऊन गुडघे टेकावेत आणि मागावे.