इहवादी मानवतावाद आणि सार्वजनिक शिक्षण

नीती, ज्ञान आणि माणसाच्या जगण्याचे मोल यांचा आधार ईश्वरात किंवा धर्मग्रंथात न शोधता मानवी बुद्धी, अनुभव आणि सहानुभूती यांत शोधणारी विचारसरणी म्हणजे इहवादी मानवतावाद. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांमधून धार्मिक प्रार्थना याच विचारसरणीने घालवली, असा समज विशेषतः अमेरिकेत रूढ आहे. इतिहास पाहता तो अर्धाच खरा ठरतो. प्रार्थना जाण्यामागे धर्माधर्मांतील आणि पंथापंथांतील भांडणांचा वाटा मोठा होता. मानवतावादाचा खरा ठसा उमटला तो शिकवण्याच्या रीतीवर.

फ्रान्समध्ये शिक्षणमंत्री झ्यूल फेरी यांच्या काळात, 28 मार्च 1882 च्या कायद्याने, प्राथमिक शाळेतील 'नैतिक व धार्मिक शिक्षणा'ची जागा 'नैतिक व नागरी शिक्षणा'ने घेतली. मुलांना धर्मशिक्षण देता यावे म्हणून रविवारखेरीज आठवड्याचा आणखी एक दिवस मोकळा ठेवला गेला. मात्र ते शिक्षण शाळेच्या इमारतीबाहेर द्यायचे होते. पुढच्याच वर्षी फेरी यांनी शिक्षकांना पत्र लिहून एक कसोटी दिली: वर्गात एखादा पालक बसला असता, तर तुमचे बोलणे त्याला प्रामाणिकपणे खटकले असते का? खटकणार असेल तर ते बोलू नका. धर्मावाचून नीती शिकवण्याचा हा मोठा सरकारी प्रयोग आणि त्याच्या मुळाशी इतका संयम, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्राथमिक शिक्षणाचे संचालक फेर्दिनां ब्युइसाँ हे स्वतः उदारमतवादी प्रोटेस्टंट होते.

अमेरिकेत होरेस मान 1837 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले. सार्वजनिक शाळांत बायबल वाचावे, पण त्यावर भाष्य करू नये, असा तोडगा त्यांनी पुरस्कारला. वाचले जाई ते बहुधा प्रोटेस्टंटांचे भाषांतर, आणि कॅथलिकांना ते मान्य नव्हते. 1844 मध्ये फिलाडेल्फियात झालेल्या दंगलींमागे हा वादही होता. त्यांत चर्च जाळली गेली. शाळा तटस्थ असावी ही मागणी अशी श्रद्धावंतांच्या भांडणातूनही पुढे आली.

मानवतावादाशी थेट नाते जोडता येते ते अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई यांचे. 1896 मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. मुलाने करून पाहावे, चुकावे, इतरांशी मिळून प्रश्न सोडवावा, हा तिचा गाभा. 1933 च्या मानवतावादी जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या 34 जणांत ड्यूईही होते. मात्र त्यांची पद्धत श्रद्धा सोडायला सांगत नाही. विधानामागचा पुरावा विचारायला शिकवते.

न्यायालयीन निकालांतही हेच चित्र दिसते. सार्वजनिक शाळेतील धर्मशिक्षणाच्या वर्गांविरुद्धच्या 1948 च्या मॅकॉलम खटल्यातील फिर्यादी व्हॅश्टी मॅकॉलम पुढे अमेरिकन मानवतावादी संघाच्या अध्यक्ष झाल्या. पण शाळेतील सरकारी प्रार्थना थांबवणारा 1962 चा एंगल खटला लढवणाऱ्या पालकांत बरेच ज्यू होते, तर शाळेतील बायबलवाचन थांबवणाऱ्या 1963 च्या निकालातील शेम्प कुटुंब युनिटेरियन, म्हणजे एका उदारमतवादी धर्मपंथाचे होते. त्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्माला शत्रू मानणारा 'इहवादाचा धर्म'ही सरकारला प्रस्थापित करता येणार नाही, असे बजावले आणि बायबलचा वस्तुनिष्ठ अभ्यास करायला मुभा ठेवली.

तरीही 'शाळांत मानवतावाद हाच धर्म म्हणून शिकवला जातो' हा आरोप बळावत गेला. त्यासाठी सरकारी पदासाठी ईश्वरावरील श्रद्धेची अट रद्द करणाऱ्या 1961 च्या टोर्कासो निकालातील एका तळटीपेचा आधार घेतला जाई; तीत ईश्वर न मानणाऱ्या धर्मांच्या यादीत इहवादी मानवतावादाचे नाव होते. 1984 च्या एका कायद्याने तर विशिष्ट शाळांसाठीचा केंद्रीय निधी इहवादी मानवतावादाच्या अभ्यासक्रमांवर खर्च करण्यास बंदी घातली. इहवादी मानवतावाद म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्यात केली नाही. पुढच्या वर्षी ती तरतूद वगळण्यात आली.

वाद शिगेला पोचला अलाबामा राज्यातील मोबाइल या शहरात. मार्च 1987 मध्ये न्यायाधीश ब्रेव्हर्ड हँड यांनी 44 पाठ्यपुस्तकांवर बंदी घातली. त्यांत गृहशास्त्राची, इतिहासाची आणि सामाजिक शास्त्रांची पुस्तके होती. गृहशास्त्राची पुस्तके योग्य-अयोग्याचा निर्णय मुलांवर सोपवतात आणि इतिहासाची पुस्तके धर्माचा वाटा गाळतात, असा आक्षेप होता. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने बंदी उठवली. स्वतंत्र विचार, सहिष्णुता, स्वाभिमान आणि तर्कशुद्ध निर्णय ही मूल्ये रुजवणे म्हणजे धर्मप्रसार नव्हे, असे त्या न्यायालयाने मानले. बंदी चुकीचीच होती. पण इतिहासाच्या पुस्तकांवरील आक्षेपात तथ्य होते. धर्म वगळून सांगितलेला समाजाचा इतिहास अपुराच राहतो, आणि ज्ञानाशी प्रामाणिक राहू पाहणाऱ्या मानवतावाद्यालाही तो पटू नये.

युरोपात मानवतावादी पालक स्वतःच अल्पसंख्य म्हणून न्यायालयात गेले. 2007 मध्ये नॉर्वेतील अशा पालकांच्या बाजूने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 9 विरुद्ध 8 मतांनी निकाल दिला. ख्रिस्ती धर्मावर भर असलेल्या विषयातून त्यांच्या मुलांना पूर्ण सूट नाकारणे गैर ठरले. वेल्समध्ये 2022 पासून लागू होत गेलेल्या अभ्यासक्रमात 'धर्म, मूल्ये आणि नीती' या विषयात धर्मेतर तात्त्विक भूमिकांचाही समावेश आहे.