वेबपानावरचं ₹ : आकार आधी, क्रमांक नंतर

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाच्या चिन्हाला मंजुरी दिली. आयआयटी मुंबईचे डी. उदय कुमार यांचं हे रेखाटन: देवनागरी ‘र’, त्यातच उभी दांडी वगळलेला रोमन ‘आर’, वर दोन समांतर रेघा. छापखान्याला एवढं पुरेसं होतं. ब्राउझरला मात्र आकार कळत नाही, अक्षराचा क्रमांक कळतो. आणि तोच अजून मिळायचा होता.

मग जुगाड निघाले. एका फुकट फॉन्टमध्ये टॅबच्या वरच्या कीवरची ` ही खूण काढून तिथे ₹ बसवलं होतं. फॉन्ट असलेल्याला ₹५०० दिसे, बाकीच्यांना `५००. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर रोमन कचरा होऊन उघडतो, तोच हा रोग.

प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारं जागतिक मानक म्हणजे युनिकोड. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या ६.० आवृत्तीने ₹ ला हक्काची जागा दिली: दशमान पद्धतीत ८३७७. पण जागा मिळाली म्हणजे फॉन्टमध्ये आकार आला असं नव्हे. विंडोज ७ साठीचं अपडेट २०११ मध्ये आलं. तोवर पुष्कळांना किमतीआधी नुसता चौकोन दिसायचा.

एवढं होऊनही आयकॉन-फॉन्टवाल्यांनी, म्हणजे अक्षरांऐवजी चित्रं असलेले फॉन्ट बनवणाऱ्यांनी, तीच वाट धरली. भिंग, घर, तीन आडव्या रेघा ही चित्रं युनिकोडच्या खासगी वापराच्या जागांवर बसवली. त्या क्रमांकांना ठरलेला अर्थच नाही, त्यामुळे फॉन्ट उतरला नाही की चौकोन, आणि स्क्रीन रीडरला (अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचायला काही नाही. म्हणून आता आयकॉन एसव्हीजी या चित्रांच्या फॉर्मॅटमध्ये देतात आणि बटणाला शब्दांत नाव देतात. खरं तर नाव शेजारी दिसलेलंच बरं.

₹ अजूनही दगा देतं, तो दोन ठिकाणी. डेटाबेसचा रकाना लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांपुरता जुना संच) असेल तर ₹ चं प्रश्नचिन्ह होतं आणि मूळ अक्षर परत मिळत नाही. रकाना आधीच यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची सगळी अक्षरं साठवणारा, हवा. दुसरं ठिकाण फॉन्ट कापतानाचं: पान हलकं राहावं म्हणून फॉन्टचे तुकडे करून लागेल तेवढाच उतरवतात. गूगल फॉन्ट्सच्या मूळ लॅटिन तुकड्यात युरो आहे, ₹ नाही. ते विस्तारित लॅटिन आणि देवनागरी तुकड्यांत आहे. फक्त लॅटिन तुकडा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवला, तर आकडे एका फॉन्टचे आणि ₹ भलत्याच जाडीचं दिसतं. ठळक किमतीत ते लगेच डोळ्यांत भरतं.