दोन नद्यांच्या बेचक्यातलं केरो

अमेरिकेचा नकाशा समोर ठेवून मोठं शहर कुठे वसवाल असं विचारलं, तर हुशार माणूस ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या संगमावर बोट ठेवेल. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच हुशार माणसांनी तेच केलं. इलिनॉय राज्याच्या पार दक्षिण टोकाला, या दोन नद्यांच्या बेचक्यात एक गाव उभं राहिलं. नाव इजिप्तच्या कैरोवरून घेतलेलं, तिथले लोक मात्र त्याला केरो म्हणतात. १८६० मध्ये गावाची लोकसंख्या २,१८८ होती, १९२० मध्ये १५,२०३. २०२० च्या जनगणनेत ती १,७३३ भरली.

संगमावर उभं राहिलं की दोन रंगांचं पाणी दिसतं. मिसुरी नदीचा गाळ पोटात घेऊन आलेली मिसिसिपी गढूळ, ओहायो त्या मानाने स्वच्छ. एकत्र आल्यावरही बरंच अंतर त्या अंगाला अंग लावून, पण न मिसळता वाहतात. गंमत म्हणजे इथे ओहायोच मोठी आहे. तिच्यातून सरासरी सेकंदाला सुमारे ८,००० घनमीटर पाणी येतं, तर मिसिसिपीतून सुमारे ५,९००. पाण्याचा हिशोब लावला तर मिसिसिपीच ओहायोची उपनदी ठरावी. पण नावं जलशास्त्रज्ञांना विचारून पडत नाहीत.

इथून दक्षिणेला थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत नदीने पसरलेलं गाळाचं सपाट मैदान आहे. म्हणजे केरोच्या पायाखाली वाळू, रेती आणि चिखल. शेजारीच न्यू मॅड्रिडचा भूकंपप्रवण पट्टा आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात तिथे झालेल्या भूकंपांत जमीन फाटून वाळू आणि पाणी वर उसळलं होतं. अशा जागी गाव टिकवायचं तर भोवती बांध हवाच. केरोला तो चहूबाजूंनी आहे, काही ठिकाणी मातीचा, काही ठिकाणी काँक्रीटची भिंत. उत्तरेकडून येणारा महामार्ग या बांधातून आत शिरतो, आणि त्या वाटेवर एक अवाढव्य पोलादी दार टांगलेलं आहे. ते खाली सोडलं की गावाचं बेट होतं.

बांध म्हटला की पाणी त्याच्यावरून येण्याची भीती आपल्याला वाटते. केरोत खरी काळजी असते ती खालून येणाऱ्या पाण्याची. बाहेर नदी चढली की तिचा दाब वाळूच्या थरांतून बांधाखालून आत पोचतो आणि आतल्या बाजूला, एखाद्या अंगणातही, जमिनीतून पाणी उसळू लागतं. त्याच्याभोवती वाळूचा, मुंग्यांच्या वारुळासारखा उंचवटा तयार होतो. तिथे याला ‘सँड बॉइल’ म्हणतात. वर येणारं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर ते बांधाखालची माती घेऊन येतंय, म्हणजे आत पोकळी होतेय. यावर उपाय भोक बुजवण्याचा नाही. बुजवलं तर पाणी दुसरीकडे फुटतं. भोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात आणि पाणी त्यात चढू देतात. आतल्या पाण्याचं वजन वाढलं की बाहेरचा दाब तेवढ्यापुरता तोलला जातो आणि माती वाहून जायची थांबते.

२०११ च्या वसंतात हे सगळं एकाच वेळी झालं. केरोच्या मापकपट्टीवर ओहायो ६१.७२ फुटांवर गेली (हा आकडा ठरलेल्या शून्यापासूनचा, नदीची खोली नव्हे). पूरभिंतीची मर्यादा ६४ फूट. अंदाज ६३ फुटांचा होता, आणि गावात ठिकठिकाणी वाळू उसळत होती. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. नदीपलीकडे मिसुरी राज्यात, नेमक्या अशाच वेळेसाठी १९२७ च्या महापुरानंतर राखून ठेवलेला एक शेतीचा पट्टा होता. आत पाणी घ्यायचं तर त्याचा बांध उडवावा लागे, आणि तो १९३७ नंतर कधीच उडवला नव्हता. मिसुरी सरकार कोर्टात गेलं, हरलं. विधानसभेच्या सभापतींनी तर शेतीपेक्षा केरो बुडालेलं परवडेल अशा अर्थाचं बोलून दाखवलं आणि नंतर माफी मागितली. २ मे च्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी बांधातल्या नळ्यांत स्फोटक द्रव भरून तो फोडला. सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली, केरोतली पातळी उतरू लागली. पण त्या पट्ट्यात पिनहूक नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची छोटी वस्ती होती. केरोतही बहुसंख्य लोक कृष्णवर्णीयच. पिनहूक पुन्हा त्या जागी उभं राहिलं नाही.

पण केरो रिकामं झालं ते पुराने नाही, आणि माझ्या मते हीच या गावाची सगळ्यात बोचरी गोष्ट आहे. पाण्याला त्याने बहुतेक वेळा रोखलं. गाव मोठं झालं होतं माल एका वाहनातून दुसऱ्यात चढवायच्या कामावर: आगबोटीतून रेल्वेत, रेल्वेतून आगबोटीत. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला आणि गाड्या न थांबता पुढे जाऊ लागल्या. पुढे मोटारींचे पूल आले, १९७८ मध्ये नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला. रेल्वेपूल होऊनही १९५० मध्ये १२,१२३ माणसं होती. १९७० मध्ये ६,२७७ उरली. मधल्या वीस वर्षांत काय झालं ते नदीच्या नकाशात सापडत नाही. १९६७ मध्ये एका तरुण कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला आणि गाव पेटलं. पुढे कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. कृष्णवर्णीयांना नोकरीवर घेण्याऐवजी अनेक गोऱ्या दुकानदारांनी दुकानं कायमची बंद केली. त्याआधी पोहण्याचा तलावही बंद करून टाकला होता, सगळ्यांना एकत्र पोहू द्यावं लागू नये म्हणून. २०१७ मध्ये पडझड झालेल्या दोन सरकारी वसाहती पाडायचं ठरलं आणि सुमारे चारशे रहिवाशांना घर शोधत बाहेर पडावं लागलं. त्यांतले बरेच जण गावाबाहेर गेले.

संगमाचं काम मात्र थांबलेलं नाही. केरोच्या वर ओहायोवर, आणि मिसिसिपीवर सेंट लुईस शहराच्या वर, जलपाश (बोटींना वर-खाली नेणारे दारांचे हौद) आहेत, त्यामुळे तिथे एका टगबोटीला साधारण पंधराच बार्ज (सपाट मालवाहू नौका) ढकलता येतात. केरोच्या खाली मिसिसिपीवर एकही जलपाश नाही, म्हणून तिथे तीस-चाळीस बार्जचा तांडा निघतो. हे तांडे सोडायचे आणि बांधायचे ते याच संगमाजवळ. धान्य, कोळसा, खडी, खतं अशी हजारो टन मालाची ये-जा गावाच्या डोळ्यांसमोरून होते आणि गावाला त्यातलं फारसं काही मिळत नाही. या वाहतुकीतला थोडा वाटा मिळवण्यासाठी केरोत नवं बंदर बांधायची योजना पुढे आली आहे आणि इलिनॉय राज्याने तिला पैसेही कबूल केले आहेत.