मानव्यविद्यांच्या शिक्षणातील इस्लामी मूल्ये : बेळगाव सीमाभाग

इतिहास, भाषा, साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकवताना इल्म (ज्ञान), अद्ल (न्याय), अमानत (विश्वासाने सोपवलेली ठेव) आणि अदब (संस्कार, मर्यादा) या इस्लामी संकल्पनांचा आधार घेण्याची रीत. १९७७ मध्ये मक्केत भरलेल्या जागतिक मुस्लिम शिक्षण परिषदेनंतर या विचाराला जोर आला. मलेशियाचे विचारवंत सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांनी ‘अदब’ हेच शिक्षणाचे सार मानले. पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत इस्माईल अल-फारुकी यांना सगळ्या विद्याशाखांचीच फेरमांडणी हवी होती. पाकिस्तानी विचारवंत फझलुर रहमान यांचा भर मात्र विचार करणारी माणसे घडवण्यावर होता. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वर्गांना तेच अधिक लागू पडते. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिथे ही मूल्ये उतरायची ती अभ्यासाच्या शिस्तीतूनच.

अविश्वासू माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, असे कुरआन (४९:६) सांगते. हदीसच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या) अभ्यासात इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, कडी-कडीने तपासतात. अरब इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त त्यापुढचा प्रश्न घातला : सांगितलेली गोष्ट मुळात घडणे शक्य आहे का? मोबाइलवर आलेला इतिहास खरा मानून वर्गात येणाऱ्या मुलाला हे दोन्ही प्रश्न विचारता आलेच पाहिजेत.

बेळगावच्या किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती हे जैन मंदिर आणि आदिलशाही काळातली सफा मशीद एकाच तटाच्या आत आहेत. मशिदीत जुन्या देवळांचे कोरीव खांबही दिसतात. हे खांब मुलांना दाखवावेत, ते कुठले हेही सांगावे. अडचणीचे म्हणून गाळणे ही अमानतीत खयानतच (विश्वासघातच) होय.

भाषेचा प्रश्न इथे १९५६ पासून धुमसतो आहे. अनेक मुस्लिम घरांत दखनी (उर्दूची दक्षिणी बोली), शाळेत उर्दू किंवा मराठी आणि कचेरीत कन्नड, अशी मुलांची रोजची ये-जा असते. भाषांमधला फरक ही ईश्वराची खूण आहे, असे कुरआन (३०:२२) म्हणते. श्रीगोंद्याचे मुस्लिम संतकवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचला. त्यातल्या चार ओव्या मराठीच्या तासाला वाचल्या तर ही भाषा आपलीही आहे, हे मुलाला वेगळे पटवावे लागत नाही. दखनीतला ‘नक्को’ मराठी ‘नको’वरून आला, एवढे फळ्यावर लिहिले तरी वर्ग बोलू लागतो.