गोंगाट म्हणून सोडून दिलेला आवाज : नॉनलिनियर ऑसिलेटरची पार्श्वभूमी

नागपंचमीला आमच्या शिराळ्याच्या बाजूला अजून लिंबाला नाहीतर चिंचेला झोका बांधतात, आणि झोका देणाऱ्या पोराला जे हाताला कळतं ते आम्हाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी व्हायब्रेशन्सचा पेपर देऊनसुद्धा कळलेलं नव्हतं. झोका लहान असताना ज्या तालात ढकलायचा तोच ताल झोका उंच गेल्यावर चालत नाही. वर गेला की झोका रेंगाळतो. छोट्या हेलकाव्याला ३ सेकंद लागत असतील तर दोर पार आडवा होईस्तोवर, म्हणजे ९० अंशाला, तोच हेलकावा साडेतीन सेकंद घेतो, साधारण १८ टक्के जास्त. आता कुणी घड्याळ लावून दर ३ सेकंदाला ढकलत बसलं तर काय होईल? थोड्या वेळानं धक्का झोका येत असताना बसायला लागेल आणि चढलेला झोका उतरेल. पोरगं असं कधी करत नाही, ते झोक्याकडं बघून ढकलतं.

पुस्तकातला झोका मात्र असा नसतो. तिथं स्प्रिंग असते, जोर दुप्पट केला की ताण दुप्पट, हेलकावा लहान असो की मोठा वेळ तेवढाच, आणि बाहेरून ठरलेल्या तालात हलवत तो ताल बदलत नेला की आलेखात रेझोनन्सचा, म्हणजे ताल जुळून हेलकावा सगळ्यात मोठा होण्याचा, एकच सुबक डोंगर, दोन्ही बाजूला जवळपास सारखा उतार. याला लिनियर म्हणायचं, जे यात बसत नाही ते नॉनलिनियर, आणि असं हेलकावणारं काहीही म्हणजे ऑसिलेटर. गणित सोपं पडतं म्हणून दोन-अडीचशे वर्षं सगळं यातच बसवलं, आणि जे बसलं नाही ते मशीनचा दोष, खरखर, गोंगाट असं म्हणून बाजूला टाकलं. हा सगळा इतिहास वाचताना मला सारखं हेच दिसत गेलं, की बाजूला टाकलेलं तेच पुढं कुणीतरी परत उचललं.

सुरुवात गॅलिलिओपासून करतात, पण त्याचं म्हणणं की लंबकाला लहानमोठ्या हेलकाव्याला सारखाच वेळ लागतो, ते लहान हेलकाव्यापुरतंच खरं. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं लंबकाच्या दोरीला दोन्ही बाजूनं वक्र पट्ट्या लावून चूक दुरुस्त केली. पण या विषयात त्याची खरी गंमत १६६५ च्या फेब्रुवारीतली. आजारी पडून खोलीत होता, समोर एकाच आधाराला टांगलेली दोन घड्याळं, आणि दोघांचे लंबक बरोब्बर उलटसुलट तालात. मुद्दाम बिघडवलं तरी अर्ध्या तासात परत जुळायचे. आधी त्याला वाटलं हवेमुळं होतंय, मग लक्षात आलं की वरचं लाकूड न दिसण्याइतकं हलतंय. दोन घड्याळं एकमेकाला बाहेरून धक्के देतायत आणि ताल जुळवून घेतायत, ही गोष्ट लिनियर गणितात बसत नाही, कारण तिथं दोन वेगळे ताल वेगळेच राहतात. पुढं अडीच शतकं या निरीक्षणाचं फारसं काही झालं नाही.

मग १९१८. जर्मनीत गेओर्ग डफिंग नावाच्या माणसानं, पेशानं इंजिनिअर, असं गणित मांडलं की ज्यात स्प्रिंग ताणली की नुसती ताणत नाही तर कडक होत जाते. अशा स्प्रिंगवरचं मशीन हळूहळू वेग वाढवत चालवा. थरथर वाढत जाते, वाढत जाते, रेझोनन्सचा डोंगर सरळ उभा न राहता उजवीकडं कलतो, वाऱ्यात जोंधळा कलतो तसा, आणि एका वेगाला थरथर धप्पकन खाली येते. बरं, आता वेग कमी करत मागं या, तर ज्या वेगाला पडली होती त्या वेगाला ती परत चढत नाही, अजून बरंच मागं आल्यावर अचानक उडी मारते. मधल्या पट्ट्यात एकाच वेगाला, एकाच धक्क्याला दोन वेगवेगळी उत्तरं, आणि कुठलं मिळणार हे तुम्ही कुठून आलात त्यावर. आम्हाला लॅबमध्ये हे एकदा दिसलं होतं आणि मोटर खराब आहे असं सांगून प्रयोग बदलून घ्यायला लावला होता, असो.

आता इथं मला मिरजेला यावंच लागतं. सतारमेकर गल्लीत साधारण १८५० च्या सुमारापासून तंतुवाद्यं बनतात, फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारं करणारे, ते सतारी-तंबोऱ्यांकडं वळले असं सांगतात, आणि २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. ते सगळं बाजूला ठेवा, मला बोलायचंय जवारीबद्दल, म्हणजे तार गुंजत बोलावी म्हणून घोडी आणि दोरा जुळवतात त्याबद्दल. तंबोऱ्याची घोडी गिटारच्या ब्रिजसारखी धारदार नसते, रुंद असते आणि वरून किंचित गोलसर घासलेली, इतकी किंचित की डोळ्याला सपाटच वाटते. तार त्या गोलाईवर आडवी पडते आणि तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. कारागीर तो दोरा केसभर पुढं सरकवतो, तार छेडतो, परत केसभर मागं, परत छेडतो, आणि एका जागी एकदम तार बोलायला लागते. त्याच्या अलीकडं पलीकडं नुसतं टणटण. एकदा तासभर बसून बघितलं होतं, त्या माणसानं कुठलंही मीटर वापरलं नाही, आणि दोनदा माझ्यावर खेकसला कारण मी बोलत होतो.

तिथं होतं काय? तार कंप पावताना खाली जाते तेव्हा घोडीच्या गोलाईवर थोडी गुंडाळली जाते, वर येताना सुटते. म्हणजे तारेची हलणारी लांबी स्वतः तारेच्या हलण्यावर ठरते, आणि अडथळा एकाच बाजूनं. याच्याइतकं स्वच्छ नॉनलिनियर उदाहरण पुस्तकात नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला त्यात हाच मुद्दा धरला. एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे बारीक स्वरही निघतात, आणि तोवरचा यंग आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांचा नियम असा की तार अशा एखाद्या स्वराच्या स्थिर बिंदूवर, म्हणजे त्या स्वरात तारेची जी जागा हलत नाही तिथं, छेडली तर तो स्वर आवाजात येऊच शकत नाही. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यावर आणि वीणेवर तो येतो, चांगला ठणठणीत येतो. घोडी खालच्या स्वरातली ताकद उचलून वरच्या स्वरांना देते, म्हणून तर एका तारेतून गंधार ऐकू येतो म्हणतात. नियम चुकीचा नव्हता, तो धारदार ब्रिजवरच्या लिनियर तारेचा नियम होता.

त्याच दशकात हॉलंडमध्ये वान डेर पोल नावाचा शास्त्रज्ञ रेडिओच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर, काम करत होता. त्याचा ऑसिलेटर आणखी वेगळ्या जातीचा, हेलकावा लहान असला की तो स्वतःच वाढवतो आणि मोठा झाला की दाबतो, म्हणजे कसाही सुरू करा शेवटी एका ठरलेल्या मापाला येतो. १९२७ ला त्यानं आणि वान डेर मार्कनं निऑनच्या दिव्याचं असंच एक सर्किट बाहेरून ठरलेल्या तालात चालवलं आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून ऐकलं. सर्किट बाहेरच्या तालाच्या निम्म्यावर, मग तिसऱ्या हिश्श्यावर, मग चौथ्या हिश्श्यावर असं पायरी पायरीनं उतरायचं. आणि एका पायरीवरून दुसरीवर उडी मारायच्या आधी बऱ्याचदा रिसीव्हरमध्ये वेडीवाकडी खरखर यायची. त्यांनी ती नोंदवली आणि ही दुय्यम बाब आहे म्हणून सोडून दिली. आज आपण तिला केऑस म्हणतो, म्हणजे ठरलेल्या नियमातूनच निघणारा पण अंदाज न लागणारा बेतालपणा.

ती खरखर परत उचलली गेली ती युद्धामुळं. १९३८ ला ब्रिटिश सरकारच्या रेडिओ संशोधनवाल्यांनी गणितज्ञांकडं मदत मागितली, की बाबांनो आमच्या व्हॉल्व्हची समीकरणं विचित्र वागतायत. केंब्रिजच्या मेरी कार्टराइट यांनी ते मनावर घेतलं, गणितज्ञ लिटलवुडना सोबत घेतलं, आणि १९४५ ला दोघांनी छापलं की बाहेरून हलवलेल्या वान डेर पोल समीकरणाची उत्तरं एवढी गुंतागुंतीची असू शकतात की कुठल्याही यादीत बसत नाहीत. लोकांनी फार लक्ष दिलं नाही. आणि १९६१ च्या २७ नोव्हेंबरला क्योटोमध्ये योशिसुके उएदा नावाचा विद्यार्थी ॲनालॉग कॉम्प्युटरवर याच जातीचं समीकरण चालवत असताना त्याला कागदावर गुळगुळीत वळणाच्या जागी फुटलेल्या अंड्यासारखी चिंधडी आकृती आली. मशीन बिघडलं असेल असं त्यालाही आधी वाटलं. प्रोफेसरांना पटलं नाही, आणि हे नीट छापून यायला सत्तरचं दशक उजाडलं.

इथवर बाहेरचा धक्का ठरलेल्या तालात होता. दुसरी शाखा बेतालाची, आणि ती सुरू होते पाण्यातल्या परागातल्या कणांपासून. १८२७ ला ब्राउननं त्यांची थरथर बघितली, १९०५ ला आइनस्टाइननं कारण दिलं, आणि १९०८ ला लाँजव्हँनं सरळ न्यूटनचं समीकरण लिहून त्यात एक बेभरवशाचा जोर मिसळला. मला ही कल्पना फार धाडसी वाटते, कारण त्या जोराची किंमत कुणालाच माहीत नाही, फक्त त्याचा सरासरी स्वभाव माहीत आहे, आणि तेवढ्यावर गणित चालतं. पुढं १९४० ला क्रामर्सनं दोन खड्ड्यांमधला कण घेतला, एका खड्ड्यात बसलेला, सतत बारीक धक्के खाणारा, आणि मधला उंचवटा ओलांडायला त्याला सरासरी किती वेळ लागेल हे काढलं. १९४३ चा खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांचा या विषयावरचा लांबलचक लेख तर पुढं किती तरी वर्षं विद्यार्थ्यांचं पाठ्यपुस्तकच होता.

गंमत बघा, डफिंगच्या कडक होणाऱ्या स्प्रिंगला ठरलेल्या तालाच्या जागी पूर्ण बेताल, म्हणजे व्हाइट नॉइजचे धक्के दिले की ती दोन उत्तरांची भानगड संपते. कुठून आलात हे ती विसरते, थोड्या वेळानं केवढा हेलकावा किती वेळा येईल याची एकच ठरलेली विभागणी उरते आणि तिचं सूत्र अचूक लिहिता येतं. बहुतेक नॉनलिनियर प्रश्नांना असं सूत्र नाही, म्हणून पन्नाशीच्या दशकात जेट विमानं आणि रॉकेटं थरथरायला लागल्यावर इंजिनिअर लोकांनी जुगाड काढला, खऱ्या स्प्रिंगच्या जागी सरासरी चूक कमीत कमी येईल अशी एक लिनियर स्प्रिंग बसवायची. सरासरीला ठीक चालतं, पण क्वचित येणाऱ्या मोठ्या हेलकाव्याला गंडतं, आणि मोडतोड तर त्या क्वचितच्याच हेलकाव्यानं होते.

गोंगाटाची बाजू घेणारं काम आलं १९८१ ला. बेन्झी, सुतेरा आणि वुल्पियानी या इटलीतल्या मंडळींना हिमयुगं साधारण दर १ लाख वर्षांनी का येतात हे शोधायचं होतं. पृथ्वीच्या कक्षेतला बदल त्या तालात होतो खरा, पण त्यानं उन्हात पडणारा फरक अगदीच किरकोळ. त्यांनी क्रामर्सचे दोन खड्डे घेतले, एक थंड आणि एक उबदार, आणि दाखवलं की हवामानातला बेताल गोंगाट बरोबर मापाचा असला तर तो त्या किरकोळ तालाला उंचवट्यावरून ढकलायला मदत करतो. गोंगाट कमी पडला तर कण खड्ड्यातच बसतो, जास्त झाला तर कसाही उड्या मारतो, मधल्या मापाला ताल ऐकू येतो. नाव दिलं स्टोकॅस्टिक रेझोनन्स. हिमयुगाचं ते उत्तर आज सर्वमान्य नाही, पण कल्पना टिकली, १९८३ ला साध्या सर्किटमध्ये दिसली, १९८८ ला लेझरमध्ये आणि १९९३ ला क्रेफिश या झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या शेपटीवरच्या संवेदी केसांमध्ये.

आणि आता आपली कोयना. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. पाटण खोऱ्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. सांगलीत आमची आजी सांगायची की फडताळातली भांडी खाली आली आणि सगळी गल्ली थंडीत बाहेर घोंगड्या घेऊन बसली होती. धरण १०३ मीटर उंच, आणि डिझाइन करताना भूकंपाचा जोर धरला होता वजनाच्या ०.०५ पट, तोही वरपासून खालपर्यंत सारखा आणि स्थिर, जणू कुणी बाजूनं हळूच टेकून उभं आहे. धरणातच बसवलेल्या यंत्रानं जी नोंद केली तिच्यात हादऱ्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या नदीच्या दिशेला ०.४९ पट आणि धरणाच्या लांबीच्या दिशेला ०.६३ पटीपर्यंत होतं. या आकड्यांची ०.०५ शी थेट तुलना करता येत नाही, कारण एक क्षणाचा झटका आणि दुसरा कायमचा धरलेला जोर, पण फरक कुठल्या जातीचा आहे ते कळतं. भूकंप हा बेताल धक्का आहे हे अमेरिकेत हाउसनरनं १९४७ लाच मांडलं होतं, आणि जपानमध्ये कनाई आणि ताजिमी यांनी त्याला जमिनीचा स्वतःचा ताल जोडला होता.

धरणाच्या मागच्या, म्हणजे पाणी साठत नाही त्या बाजूचा उतार वरच्या भागात जिथं एकदम बदलतो, तिथं आडव्या भेगा पडल्या. १९७३ ला अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कोयनेची नोंद घेऊन गणित केलं तेव्हा ताण नेमका त्याच उंचीला काँक्रीटच्या ताकदीपलीकडं जात होता. पण ते गणित लिनियर. भेग पडली की ती एका बाजूला झुकताना उघडते आणि दुसऱ्या बाजूला झुकताना मिटते, उघडी असताना धरण मऊ, मिटली की कडक. परत तेच, अडथळा एकाच बाजूनं, घोडीवरच्या तारेसारखा, फरक एवढाच की हा प्रकार धरणात बोलायला नको होता. पुढं मागच्या बाजूनं आधाराचं काँक्रीट चढवलं.

हे उघडणं-मिटणं कॉम्प्युटरवर उतरवायला लोकांना बरीच वर्षं लागली, आणि तपासायला खरी मोजलेली नोंद आणि खरं तडकलेलं धरण असं दोन्ही एकत्र हवं होतं, जे जगात फार ठिकाणी नाही. म्हणून अॅबॅकस नावाच्या सॉफ्टवेअरच्या सरावाच्या उदाहरणांमध्ये आजही कोयना धरण आहे, आणि पाटण तालुका नकाशावर कुठं आहे हे माहीत नसलेली परदेशातली पोरं ती १९६७ ची पहाट परत परत चालवून बघतात, भेग योग्य जागी येते का ते.