उशिरा बोलणारं मूल आणि स्पीच थेरपी

स्पीच डिले म्हणजे मूल वयाच्या मानाने उशिरा बोलायला लागणं. ढोबळ हिशोब असा, की वर्षाच्या आसपास पहिला शब्द यावा आणि दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द, शिवाय "बाबा ये", "दूध नको" अशी दोन शब्दांची जोडी. तेवढं जमत नसेल पण चालणं, खेळणं, ऐकणं, समजणं सगळं ठीक असेल तर त्याला लेट टॉकर म्हणतात. दोन वर्षांच्या साधारण दहा मुलांत एक तरी असं निघतं, मुलग्यांत जास्त. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीत पन्नास शब्दांचा टप्पा अडीच वर्षांवर ठेवला आणि त्यावरून बराच वाद झाला, पण ती यादी ७५ टक्के मुलांना जे जमतं त्यावर बेतलेली आहे, म्हणजे तिथे मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष द्यायलाच हवं.

शब्द मोजताना लोक उगाच कंजुषी करतात. "भू-भू", "काऊ", "मंमं" हे सगळे शब्दच, आणि पाण्याला रोज न चुकता "पापा" म्हणत असेल तर तोही शब्द. घरात मराठी, शेजारी हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्लिश असेल तर तिन्हीतले मिळून मोजायचे. जास्त भाषा कानावर पडल्याने स्पीच डिले होत नाही, तरी "घरी फक्त इंग्लिश बोला" हा सल्ला अजून सर्रास मिळतो, मग आजी गप्प बसते, म्हणजे घरात मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच बंद.

"मुलगे उशिराच बोलतात", "याचा मामा तीन वर्षांनी बोलला" हे अगदीच खोटं नाही, कारण लेट टॉकरपैकी निम्म्याहून जास्त मुलं शाळेत जाईपर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यातलं आहे का हे मामावरून कळत नाही, ते दोन गोष्टींवरून जास्त कळतं. एक, त्याला समजतं का: खुणा न करता "बाबांची चप्पल आण" म्हटलं तर आणतं का. दुसरं, बोट दाखवतं का, नुसतं हवं ते मागायला नाही तर "बघ, विमान!" म्हणून दाखवायला. हे दोन्ही असेल तर थोडी वाट बघता येते. नाव घेतल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर वय कितीही असो थांबू नये, ऑटिझमचं स्क्रीनिंग करून घ्यावं.

सगळ्यात आधी कान. मिक्सर लावला की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं, असं घरचे म्हणतात, पण जाड आवाज ऐकू येऊन स, श, फ सारखे बारीक आवाज निसटत असतील तरी मूल मिक्सरला वळतंच. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकणं कमी होतं. म्हणून ओएई, लागली तर बेरा या ऐकण्याच्या टेस्ट करायच्या, जन्मताना पास झालेलं असलं तरी. जिभेला वेखंड लावण्याने किंवा जिभेखालची शीर कापण्याने शब्द वाढत नाहीत, शीर फार तर उच्चाराचा प्रश्न.

आता थेरपीचा उपयोग होतो का? २००३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे तोवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, असं दिसलं की शब्दसंग्रह आणि उच्चार यांसाठी होतो, समजण्यातच अडचण असेल तर पुरावा कमकुवत, आणि नीट शिकवलेले आईबाप थेरपिस्टच्या तुलनेत फारसे कमी पडत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाची थेरपी बघायला खेळासारखीच असते. थेरपिस्ट साबणाचे फुगे उडवते, मग बाटलीचं झाकण लावून गप्प बसते, मूल बाटलीकडे बघतं, तिच्याकडे बघतं, हात पुढे करतं, तेव्हा ती "दे" म्हणते आणि लगेच देते. घरी आपण नेमकं उलटं करतो, दिवसभर "हे काय? ते काय? बोल ना!" अशी तोंडी परीक्षा. त्यापेक्षा "बॉल. मोठा बॉल. गेला बॉल!" असं आपणच बोलावं आणि मधे थांबावं. मोबाइल दोन वर्षांच्या आत नकोच, हे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

त्यामुळे मूल एकटं आत आणि पालक बाहेर बाकावर अशी थेरपी या वयात फारशी कामाची नाही. आठवड्यातून अर्ध्या तासाने काय होणार, उरलेला आठवडा घरीच जातो. सुरुवातीला शब्दांची यादी लिहून ठेवावी, तीन-चार महिन्यांनी पुन्हा लिहावी, फरक नसेल तर टार्गेट बदला म्हणावं किंवा दुसरीकडे दाखवावं. थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नये.

मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे, बाकी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत तपासणी होते आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतात. सरकारी ठिकाणी वेटिंग असू शकतं, म्हणून वाट बघायचं ठरवलं तरी नंबर आधी लावून ठेवावा, मधल्या काळात पोरगं बोलायला लागलं तर अपॉइंटमेंट कॅन्सल करता येतेच.