वर ऊब, खाली गारठा

थंडी पडली की साताऱ्याच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, जीपगाड्यांच्या टपावर हिमकण, महाबळेश्वरचं ‘मिनी काश्मीर’ झालं. त्याच बातमीच्या तळाशी त्या दिवशीचं किमान तापमान छापलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा शून्याच्या चांगलंच वर असतं. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेतलं पोरही सांगेल. मग बर्फ आला कुठून? कोणी म्हणतं बातमीदाराने फेकली, कोणी म्हणतं वेधशाळेचं यंत्र बिघडलं. खरं तर बातमीदार आणि यंत्र, दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, याचं उत्तर मला १ जानेवारीला अजिंक्यताऱ्यावर पुन्हा एकदा भेटलं.

वर्षाचा पहिला दिवस गडावर काढायचा हा आमचा जुना नेम. यंदा आठवीतली भाची सोबत होती. ताईने तिला दोन स्वेटर आणि कानटोपी घालून पाठवलेलं, का तर ‘वर थंडी जास्त असणार.’ माझ्या खिशात फ्रीजमध्ये ठेवतात तसला साधा डिजिटल थर्मामीटर होता. तो हातात धरला तर तळहाताचंच तापमान दाखवतो, म्हणून वीतभर दोरीला बांधून लोंबता ठेवला. गडाच्या पायथ्याला, अदालतवाड्याजवळ, अजून अंधार असताना, आकडा होता १२.१. दरवाजातून आत जाऊन मंगळाईच्या बुरुजाकडे पोचलो तेव्हा १४.६. पोरीने तोवर एक स्वेटर कमरेला बांधला होता, पण तो पुरावा धरत नाही. चढून आल्यावर कोणालाही उकडतं. थर्मामीटर काही गड चढून दमलेला नसतो.

“मामा, आपण सूर्याच्या जवळ आलो म्हणून?” तिने विचारलं.

प्रश्न झकास होता. गड शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी तशीही सूर्याच्या वर्षातल्या सर्वांत जवळच्या बिंदूवर असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या मानाने तब्बल ५० लाख किलोमीटर जवळ. एवढं जवळ येऊनही आपण शेकोट्या पेटवतो, तर तीनशे मीटरने काय होणार? ऋतू ठरतात पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे. शिवाय सूर्य अजून उगवलाही नव्हता.

उलट नियम असा की १०० मीटर वर गेलं की हवा सरासरी ०.६५ अंशाने थंड होते. त्या हिशेबाने गडावर दोन अंशांनी जास्त गारठा हवा होता. झालं उलटंच. याला भूगोलाच्या पुस्तकात तापमानाची विपरीतता म्हणतात. मी मनाशी नुसतं ‘झाकण’ म्हणतो.

सुरुवात जमिनीपासून करू. कुठलीही वस्तू सतत अवरक्त किरण फेकत असते. दिसत नाहीत, पण ती उष्णताच. १५ अंशांची जमीन दर चौरस मीटरला जवळपास ३९० वॉट एवढी उष्णता आकाशाकडे उधळते. दिवसा सूर्य ही उधळपट्टी भरून काढतो. रात्री कमाई बंद, खर्च चालूच. ढग असले, हवेत बाष्प असलं, तर ते बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात, गोधडीसारखं काम करतात. म्हणून तर ढगाळ रात्र उबदार. पण आपल्याकडची जानेवारीची रात्र म्हणजे निरभ्र आभाळ, कोरडी हवा, वाऱ्याचं नाव नाही. गोधडी विरलेली. जमीन भराभर थंड होते आणि तिला टेकलेली हवा तिच्यामुळे थंड होते. वरच्या हवेला याचा पत्ताच नसतो, कारण हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. वारा असता तर त्याने खालची-वरची हवा ढवळून एक केली असती.

वेण्णाकाठचा बर्फ इथेच सापडतो. वेधशाळेचा थर्मामीटर असतो पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर वर. तो हवेचं तापमान मोजतो, गवताचं नाही. गवताचं पातं, जीपचा टप हे पातळ जिन्नस. पोटात साठवलेली उष्णता जवळजवळ नाही आणि जमिनीतली ऊब त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ते आकाशाकडे उष्णता फेकत आजूबाजूच्या हवेपेक्षाही कितीतरी अंश खाली घसरतात. त्यात तलावाचा भाग खोलगट, तिथे थंड हवा आयतीच साठते.

ही युक्ती आपल्या देशात जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. उथळ खड्डा खणायचा, त्यात उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा जाड थर द्यायचा आणि वर मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवायचं. ताटांमुळे जमिनीची ऊब तुटते, वरून आभाळ उघडं. पहाटे परळात बर्फाची पापडी! ना वीज, ना यंत्र. आपण मात्र जीपच्या टपावरची पापडी खरवडून ‘काश्मीर’ म्हणतो आणि फोटो टाकतो.

आता झाकणाकडे. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळते. अजिंक्यतारा आणि यवतेश्वराच्या उतारांवरची हवा रात्रभर शहराकडे आणि पुढे वेण्णा-कृष्णेच्या काठाला, माहुलीकडे सरकते. बुरुजावरून ते दिसतंच: संगमाच्या अंगाला धुक्याची पांढरी पट्टी आणि शहरावर करडा, चपटा थर. तो करडा थर म्हणजे धूर. बंबांचा, शेकोट्यांचा, रात्री बाराला उडवलेल्या फटाक्यांचा, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या पालापाचोळ्याचा.

हा धूर वर का जात नाही? इथे जरा आकडेमोड सहन करावी लागेल. वर चढणारा हवेचा गोळा फुगतो, कारण वर दाब कमी. फुगण्यात त्याची स्वतःची ऊर्जा खर्च होते आणि तो १०० मीटरला सुमारे १ अंशाने गार होतो. दुपारी समजा जमिनीलगत २४ अंश आहे आणि शेकोटीचा धूर आजूबाजूची हवा मिसळून २६ अंशांचा झालाय. १०० मीटरवर धूर २५, भोवतालची हवा २३. अजून दोन अंशांनी गरम, म्हणजे हलका, चालला वर. आता पहाटेचं घ्या. खाली १२, धूर १४. १०० मीटरवर धूर झाला १३, पण भोवतालची हवा माझ्या थर्मामीटरच्या हिशेबाने १२.८. संपला जोर. आणखी थोडा वर गेला तर तो भोवतालपेक्षा जड होऊन परत खाली ढकलला जाईल. म्हणून धुराची रेघ सरळ वर जाते आणि अचानक आडवी होते, छताला टेकल्यासारखी. भाचीने हे गणित अर्ध्यात सोडून दिलं. आडवी झालेली रेघ मात्र तिनेच आधी दाखवली.

झाकणाची आणखी एक गंमत. आवाज गार हवेत हळू आणि उबदार हवेत जोरात पळतो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत जमिनीकडे येतो. माहुलीच्या स्टेशनातला गाडीचा भोंगा दुपारी कधी ऐकू येत नाही, पहाटे अंथरुणात येतो तो यामुळे.

आता मोबाइलवर फिरणारा तो निरोप, ‘पहाटे ऑक्सिजन जास्त असतो, ओझोनचा थर खाली उतरतो, नववर्षाचे पहिले किरण अंगावर घ्या.’ ऑक्सिजन पहाटे आणि दुपारी सारखाच, सुमारे २१ टक्के. झाडं रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, घेतात, पिंपळसुद्धा. ओझोनचा थर पंधरा ते पस्तीस किलोमीटरवर असतो, तो साताऱ्यात उतरत नाही, आणि जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना त्रासदायकच. हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध असते हेही गावाच्या खोलगटात खरं नाही. रात्रभराचा धूर तेव्हा झाकणाखाली कोंडलेला असतो. दम्याच्या माणसाने मैदानात साडेपाचला पळण्याऐवजी ऊन आल्यावर पळावं, किंवा सरळ गड चढावा.

साडेनऊला उतरायला लागलो. उन्हाने डांबर आणि पत्रे तापायला लागले होते, तापलेली हवा खालून धक्के देत होती. करडा थर आधी शहराच्या मध्यावर विरला, माहुलीकडची पट्टी बराच वेळ तशीच होती. अदालतवाड्याजवळ थर्मामीटरने १८.३ दाखवले. दोन्ही स्वेटर आणि कानटोपी तोवर माझ्या पिशवीत आली होती.